भिंतीपलीकडची टकटक

८ जून २०२५, रविवार

आणला! डोंगरसिंगचा जुना पियानो. शहरातले पाहुणे की-बोर्ड म्हणतील, म्हणोत बापडे. आमच्याकडे लग्नाच्या बँडमध्ये तो पियानोच, आणि वाजवणारा पियानो मास्टर. डोंगरसिंग धडगावकडचा, वीस वर्षं बँडमध्ये वाजवतोय. पुस्तक कोणतं घेऊ विचारलं तर हसला. "मॅडम, पुस्तक नका घेऊ. पयले तोंडाने गायचं, मंग बोट शोधायचं. चुकलं तर कान सांगतो."

जन्मभर रनाळ्याच्या पोरांना पाढे शिकवले. गेल्या महिन्यात निवृत्त झाले, आणि आता मीच पहिलीत!

११ जून

लाल बटण दाबलं आणि दांडियाच सुरू. थांबवायचा कसा ते सापडेना. शेवटी ह्यांनी वायरच उपटली.

शिकायचं आहे एकच – सासूबाईंचं कानबाईचं गाणं. कानबाई म्हणजे आमच्या खानदेशची देवी, श्रावणात घरोघरी बसते, तोवर दोन महिने आहेत. सासूबाईंच्या मागे ते गाणं मोठ्या जाऊबाई म्हणायच्या, सुंदरबाई. त्यांचा गळा साऱ्या गल्लीत नावाजलेला. पण नऊ वर्षांपूर्वी वाटणी झाली, नळ त्यांच्या वाट्याला गेला, त्यावरून नको नको ते बोललो एकमेकांना. जेठांनी, म्हणजे ह्यांच्या थोरल्या भावाने, घराच्या मधोमध भिंत घातली. त्यांचं दार पलीकडच्या गल्लीत निघालं. तेव्हापासून अबोला, आणि कानबाईही दोन! आमची बिचारी मोबाइलवरची गाणी ऐकते. मला दोनच ओळी येतात. कधी लक्ष देऊन ऐकलंच नाही, जाऊबाई होत्या ना म्हणायला.

जेठांशी तर मी भांडणाआधीही कधी बोलले नाही. चौतीस वर्षं डोक्यावर पदर, मान खाली. रीतच आहे आमच्यात. मागच्या वर्षी त्यांच्या कमरेचं हाड मोडलं, तेव्हाही आम्ही बघायला गेलो नाही. लिहितानाही लाज वाटते.

१९ जून, गुरुवार

आज दुपारी पलीकडून भिंत ठोकली! टक्‌. टक्‌. माझं वाजवणंही खपत नाही तर. नळ घेतला तो घेतला, आता सूरही घ्या! आवाज वाढवून तासभर वाजवलं. ह्यांनी डोकं धरलं – "सकायपासून एकच ओळ घोटी ऱ्हायनी तू!"

२० जून

पुन्हा टकटक. हट्टाने वाजवलं.

२४ जून

एक गंमत लक्षात आली. शाळेची प्रार्थना मला बिनचूक येते. ती वाजवली, तर भिंत गप्प. कानबाईच्या पहिल्या ओळीत बोट घसरलं – टक्‌. सुधारलं – गप्प. मुद्दाम चुकले – टक्‌!

तक्रार नव्हती ती. जाऊबाई शिकवताहेत मला! मी आपली पाच दिवस त्यांना मनातल्या मनात शिव्या घालत बसले होते.

२ जुलै

दुसरी ओळ बसली. टकटकीशिवाय. वर्गात पहिला नंबर आल्यासारखं वाटलं.

९ जुलै, बुधवार

तिसरी ओळ मला येतच नाही. मग काय, अंधारात चाचपडावं तशी एकेक पट्टी. ही? टक्‌. पुढची? टक्‌. त्याच्या पुढची? टक्‌. काळी? – शांत! सापडला सूर. दुपारभरात चार सूर मिळाले. पलीकडे कंटाळा नाही, चिडचिड नाही. एवढा धीर मी माझ्या पोरांना तरी कधी दाखवला का? सातच्या पाढ्याला तिसऱ्यांदा अडखळलं की छडी असायची माझी.

१७ जुलै

आज ताप होता म्हणून बसले नाही. चार वाजता पलीकडून आपणहून दोनदा टक्‌ टक्‌. विचारपूसच ती! अंथरुणातून उठले आणि पहिली ओळ वाजवली, बरी आहे हे कळावं म्हणून. मग खूप रडू आलं.

२९ जुलै, नागपंचमी

गाणं पूर्ण! सासूबाईंचंच, हुबेहूब. ह्यांनी हातातलं काम ठेवलं आणि दारातच उभे राहिले. "माय म्हनी ऱ्हायनी असं वाटनं," एवढंच म्हणाले.

१ ऑगस्ट, शुक्रवार

कानबाईचा रोट म्हणजे प्रसादाची जाड पोळी; तिचे गहू घरातल्या पुरुषांच्या नावाने मूठ मूठ घेतात. ह्यांची घेतली, मुलाची घेतली. आणि न विचारता जेठांच्या नावानेही घातली. ह्यांनी बघितलं, आणि दळणाचा डबा पुढे केला. रोट फक्त भाऊबंदांनी खायचा असतो. आता त्यांच्या नावाचा रोट त्यांच्या घरी पोचवणं आलं. दार उघडतील ना?

३ ऑगस्ट, रविवार

उघडलं! जाऊबाईंनी रोट बघितला, मला बघितलं, आणि गळ्यातच पडल्या. किती वाळल्यात. आत अंधार होता, जेठ खाटेवर असावेत. मी सवयीने मान खाली घातली. जाऊबाई तशाच माझ्याबरोबर आल्या, नऊ वर्षांनी आमच्या उंबऱ्याच्या आत. कानबाईपुढे मी वाजवलं. तिसऱ्या ओळीत तीनदा चुकले. त्या आपल्या माझ्या बोटांकडे बघत हसत होत्या.

कानबाई माते, याहून काही मागायचं नाही मला.

४ ऑगस्ट, सोमवार

विसर्जन झालं. वाटेत जाऊबाईंचे हात धरून म्हटलं, ठोकून ठोकून तुम्हीच शिकवलंत मला. त्या माझ्या ओठांकडे बघत राहिल्या. "जोरमा बोल वं बाई. दोन वरीस व्हयनात, माले काहीच आयकू येत नही." मी हवेतच भिंत ठोकल्याची खूण केली. "ते? ते मी नही वं. तुना जेठ ठोकतस, काठीघाई. रोज दुपारले भितले कान लाईसन बठतस."

घरी आले. पियानो लावला. तिसरी ओळ मुद्दाम चुकवली.

टक्‌.

डोक्यावर पदर घेतला, आणि पहिल्यापासून वाजवायला लागले.