दामूच्या वाकळेतली हळद

मार्गशीर्ष शु. ४, शके १८६९
पावण्यांच्या आधी शेजारची गंगू आली. तिला बरा वास लागते. "काकू, नदीपल्याडची गाडी दिसून राहिली!" पुढं सखूचा सासरा, मागं माझी सखू, मांडीवर दामू. चार म्हयन्यांनी. हैदराबादचा अन् दिल्लीचा सालभराचा करार झाला म्हणे, आता दोस्ती. म्हणून व्याह्यांना गाडीचा परवाना भेटला. मीठ आणलं, घोंगड्या नेणार. दामूला चार दात आले. मला पाहून हसला. गंगू म्हणे, माशीला पाहून हसला. हसू दे, दात तर दिसले.

शु. ६
व्याही सांगत होते, नदीवरच्या हद्दीच्या नाक्यावर गाडीतलं सारं तोंडानं सांगा लागते. त्यांची गाडी कोणी उचकत न्हाई, वीस सालांचा शब्द हाय. परवाना त्याच्यावरच. वांगी जराशी करपली, कोणी बोललं न्हाई. दामूनं भाकर चोखली.

शु. ७
गेले. घर कसं...
लेक निघाली की घरची हळद द्यायची, अन् किती ते कोणाला सांगायचं न्हाई. सांगितली की सरते. माझ्या आईनं बी तशीच दिली. पाच शेर, दामूच्या वाकळेखाली. सखूलाबी बोलले न्हाई.

शु. ८
गाडी माघारी आली. व्याही दारातच उभे. पाणी दिलं, घेतलं न्हाई. दामूनं वाकळ ओली केली, सखूनं ती उचलली, खाली हळद. नाक्यावरच, शिपायापुढं.
"इहीणबाई, म्या सांगितलं, घोंगड्या, बाकी काई न्हाई. वीस सालांत आज खोटा पडलो."
शिपायानं परवाना ठेवून घेतला. माणसं जातील, माल न्हाई. घोंगड्या माझ्या ओसरीत उतरवल्या.
म्या म्हणलं, चूक माझी, मी येते, नाक्यावर सांगते.
"काय सांगसान? रीत हाय म्हणून? तिथं रितीचा कागद चालत न्हाई."
दामू माझ्याकडं झेप घेत होता. घेऊ का, विचारायची हिंमत झाली न्हाई.

शु. ९
काल पुढं लिहवलं न्हाई. रिकामी गाडी घेऊन तसेच निघाले. सखूची ओटीबी भरली न्हाई, हळदीच्या डब्याला हात लावू वाटेना. ती गाडीतून म्हणली, "आये, संक्रांतीला येतो." मी व्याह्यांकडं पाहिलं. ते बैलाची येसण नीट करत होते. मग म्हणाले, "येऊ. घोंगड्या न्याच्याच हाईत."
गुरवाला विचारून आले. संक्रांत बुधवारी हाय.