घरचा कप्पा

नवा रायपूर,
८ फेब्रुवारी, सकाळ

आदरणीय सुजाताताई,
सादर नमस्कार.

आपली ओळख नसताना पत्र लिहिण्याचे धाडस करीत आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. बेल वाजली की स्वयंपाकघरात दिवा लुकलुकवणाऱ्या लहानशा यंत्राचा कोड मी संकेतस्थळावर ठेवला होता. त्याखाली आपण लिहिले होते, "यवतमाळच्या आमच्या कर्णबधिर शाळेत बसवला. टिपा मराठीत आहेत, म्हणून मुलींनाही कळल्या." ते मी पुष्कळदा वाचले, उत्तर द्यायला मात्र धजावले नाही.

रायपुरातल्या बूढापारा भागातल्या आमच्या घरी तो दिवा अजून चालतो. आईला कमी ऐकू येते. पूर्वी दूधवाला बेल वाजवून निघून जाई. आता दिवा लागला की ती पदराला हात पुसत दाराशी जाते आणि "दिसलं बरं का मले," असे त्याला ऐटीत सांगते.

येथे पाण्याच्या टाक्यांचे नियंत्रक बनवणाऱ्या एका कंपनीत मी कोड लिहिते. सर्वांचे काम त्याच संकेतस्थळावरच्या कंपनीच्या एकाच खात्यात असते. मालक अनंतराव हे बाबांचे अमरावतीपासूनचे स्नेही. "घरचीच पोट्टी आहे," म्हणत त्यांनी मुलाखत न घेताच मला नोकरी दिली. त्या भरवशावर मी माझा कोडही त्याच खात्यात ठेवला. दोन कप्पे केले, एक 'ऑफिस' आणि एक 'घर'. नावे वेगळी असली की पुरे, असे मला वाटले.

आता तो दिवा कंपनी विकणार आहे. म्हणून सर्वांसाठी खुला असलेला कोड आज मी पुसून टाकायचा, असे अनंतरावांनी सांगितले आहे. मी म्हणाले, "काका, तो घरच्या कप्प्यातला आहे." ते हसले. "पोरी, आता ऑफिस काय अन् घर काय? रविवारपासून सगळं एकच होऊन राहिलं."

रविवारी, वसंतपंचमीला, त्यांचे चिरंजीव अभिनव यांच्याशी माझा साखरपुडा आहे. हे मी आधी लिहायला हवे होते.

अभिनव म्हणाले, "शादी के बाद वैसे भी इसके लिए टाइम कहाँ मिलेगा?" बाबा म्हणाले, "एका दिव्यापायी काहून वाद घालून राहिली?" आईला अजून विचारलेले नाही. तिच्याशी मोठ्याने बोलावे लागते, आणि मग ते साऱ्या घराला ऐकू जाते.

कोडसोबत मी पहिल्या दिवसापासून लिहून ठेवले आहे की, तो कोणीही घ्यावा, बदलावा, वाटावा. आपण आपल्या खात्यात त्याची प्रत घ्यावी, एवढीच विनंती. मूळ पुसले तरी प्रत राहते. माझे नाव काढले तरी चालेल. मराठी टिपा मात्र राहू द्याव्यात.

मला कळविण्याची गरज नाही. कोणी प्रत घेतली की माझ्या पानावरच्या शून्याचा एक होतो. पाच वाजता अभिनव मला न्यायला येतील, आणि कोड पुसल्याची खात्री करूनच निघायचे, असे ठरले आहे. तोवर मी पान उघडे ठेवून बसते.

आपली नम्र,
स्वरदा पिंपळापुरे

पाठविले: शुक्रवार, ८ फेब्रुवारी २०१९, दुपारी चार वाजून पस्तीस मिनिटे.