सही झाली, मेघा कधी येणार

५ डिसेंबर, शुक्रवार
सकाळी टीव्हीवर दाखवलं. अमेरिकेच्या अध्यक्षानं काँगोला आणि शेजारच्या देशाला समोरासमोर बसवून सह्या करायला लावल्या. म्हणजे लढाई मिटली. हातातला चहा तसाच. आमची नात मेघा तिथंच नर्स हाय की! मी वाढवलेली पोर. सून संगीता म्हणते, "आत्या, खाली बसा आधी." कशी बसू.

७, रविवार
मोहोळच्या बाईंना फोन केलाच. मुलगा बँकेत, कधीपासून मेघाला मागतात. म्हणलं, लढाई संपली, पोर संक्रांतीला घरी, तुमी पुढच्या रविवारी येऊन घर तरी बघा. संगीता चिडली. "मेघाला विचारलं का?" न्हाय. मला कुणी विचारलं होतं? पण लई आनंद झालाय. घर झाडून काढलं, दोनदा.

९, मंगळवार
मेघाचा फोन. म्हणलं, शांती झाली, ये आता. "आजी, शांती झाली म्हणून तर राहायचं म्हणते. रस्ता उघडला तर डोंगरातल्या बायांपर्यंत जाता येईल." त्या बायांना रोज औषधाची गोळी लागते, त्यांचा एड्स पोटातल्या बाळाला लागू नये म्हणून. अमेरिकेनं मदत थांबवल्यापासून गोळ्या कधी येतात, कधी न्हाय. मदत थांबवणारा तोच, भांडण मिटवणाराबी तोच. आमच्या जुन्या चाळीची मालकीण अशीच. बायकांची भांडणं सोडवायला पुढं, आणि जाताना नळ बंद करून जायची.
पाहुण्यांचं सांगितलं न्हाय. जीभ रेटली न्हाय.

११, गुरुवार
सह्या झाल्या तरी तिकडं गोळीबार. मेघाचा फोन लागेना. चटणीसाठी शेंगा भाजायला घेतल्या, करपल्या. दुपारी मेसेज, "मी बरी हाय. लांब चाललंय." लांब म्हणजे? मोहोळइतकं जवळ, का टेंभुर्णीइतकं दूर?
पाहुण्यांना नका येऊ म्हणायला फोन घेतला. ठेवला.

१४, रविवार
आले. मुलगा आणि आई. पोहे तयार, नवरी न्हाय. संगीतानं मोबाईल तांब्याला टेकवून उभा केला. मेघा कामाच्या कपड्यात, मागं बाकावर बाया. "आजी, हे काय?" एवढंच म्हणली, मग नमस्कार केला. बारीक झालीय. पण कसली देखणी दिसते.
बाई म्हणाल्या, "घरी कधी येणार गं?"
"गोळ्या आल्या की."
मुलानं पोह्यांची बशी खाली ठेवली. म्हणला, "आणि नाही आल्या तर?"
मागं लेकरू रडलं, मेघानं उचलून घेतलं, मग रेंज गेली.
बाई जाताना म्हणाल्या, "पोरगी पसंत हाय. तारीख तेवढी कळवा, अमेरिकेला विचारून." संगीता तोंडाला पदर लावून हसली. मीबी.

१५, सोमवार
सिद्धेश्वराला जाऊन आले. पोर सुखरूप घरी आण, एवढंच मागायचं होतं. हात जोडले, तर डोळ्यापुढं बाकावरच्या त्या बाया. म्हणलं, देवा, आधी त्यांच्या गोळ्या येऊ देत. पायरीपर्यंत आले. मग पुन्हा आत गेले. म्हणलं, पण संक्रांतीच्या आत.