शनिवारची नोंद

१७ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. गुडघा कसा आहे? वहिनी म्हणाल्या, जिना उतरताना कठडा धरायला लाजतोस. धरत जा. आमच्याकडे सगळं ठीक.

आपलं टर्मिनस पाडून झालं. घड्याळाची भिंत तेवढी उरली होती, तीही परवा गेली. आता पत्र्याचं कुंपण आणि आत खड्डा. त्याचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलंय. सहा फलाट, काचेचं छत, एकदा लागलेली आग, सगळं लिहून झालं. एकच प्रकरण अडलंय, चार नंबरच्या फलाटावरचा अपघात.

संपादकांना बाबांच्या रजिस्टरचं पान छापायचंय. "अपघात शुक्रवारचा आणि शनिवारची तपासणीसुद्धा लिहून तयार!" ते म्हणाले. "काय पोचलेला माणूस हो!"

मी हसले. दादा, मी खरंच हसले.

तू तेव्हा बाहेरगावी नोकरीला होतास, म्हणून तुला ठाऊक नाही. बाबांना चष्म्यानेही जवळचं दिसेनासं झालं होतं. साहेबांना कळलं असतं तर काम गेलं असतं. रूळ संपतात तिथे गाडीचा धक्का झेलणारे तेलाचे बफर ते रोज हाताने चाचपून तपासायचे, संध्याकाळी रजिस्टर पिशवीतून घरी आणायचे आणि म्हणायचे, "कारकून, घ्या लिहून." त्यांचं अक्षर मी गिरवून घेतलं होतं.

त्या आठवड्यात माझी परीक्षा होती. तेलाच्या पातळीचा आकडा कधी बदलायचा नाही, म्हणून बुधवारीच मी शनिवारपर्यंतचं लिहून टाकलं. गुरुवारी बाबा चपला न काढताच म्हणाले, "कारकून, चार नंबरचं तेल बोटभर खाली गेलंय. नीट लिही. सकाळी वाचून वर्कशॉपवाले माणूस पाठवतील."

"लिहिते," मी म्हणाले.

ओळ भरलेली होती. खाडाखोड केली की साहेबांची सही लागायची, मग बाबांचं बिंग फुटलं असतं. हे कारण मी वीस वर्षं स्वतःला देतेय. खरं म्हणजे मला पुस्तक उघडायचं होतं. उद्या बघू म्हटलं.

शुक्रवारी सकाळी गाडीचा ब्रेक कमी पडला. बफरमधलं तेल तोवर गळून गेलं होतं. एक हमाल आणि एक तिकीट तपासनीस चेंगरून मेले.

वर्कशॉपवाले तरी रजिस्टर वाचत होते का? वाचत असते तर पुढच्या नोंदी त्यांना आदल्या दिवशीच दिसल्या असत्या. हा विचार मला फार सोयीचा आहे, म्हणून त्यावर माझा विश्वास नाही.

चौकशीत ते पान बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी पानावरून हात फिरवला. मग म्हणाले, "अक्षर माझंच." मी मागच्या बाकावर होते. घरी येताना त्यांनी एवढंच विचारलं, "पेपर कसा गेला?"

तू त्यांना खुनी म्हणालास, तेव्हा मी स्वयंपाकघरात ऐकत होते. शेवटच्या आजारात ते दाराकडे बघत राहायचे, तेव्हाही मी तुला हे कळवलं नाही.

पान छापा, असं मी संपादकांना सांगितलंय. खाली माझी ओळ असेल: 'या नोंदी तपासणाऱ्याच्या मुलीने लिहिल्या.' हमालाची मुलगी याच शहरात असते. उद्या तिच्याकडे जाणार आहे. त्याआधी तुला कळायला हवं होतं.

मला माफ कर असं म्हणत नाही. बाबांना म्हणालास तो शब्द मात्र मागे घे. त्यांच्या फोटोसमोर, मोठ्याने. तो माझा होता.

बाबांची,
कारकून