येव्रोसिमा आजीचे हात

लेस्कोवात्स,
९ नोव्हेंबर

प्रिय कूम स्वेतोलिक,

तुला आणि तुझ्या घरच्यांना नमस्कार. इकडे थंडी पडलीय. गुडघे कुरकुरतात, पण चालतात. शाळेमागच्या चिनारांची पानं गळून रस्ता पिवळा झालाय. त्या झाडांखाली आपण कविता घोकायचो, आठवतं? वर्गात पहिलं कडवं तू छाती काढून म्हणायचास. दुसऱ्यापाशी अडलास की मागच्या बाकावरून मी कुजबुजायचो. टाळ्या तुला मिळायच्या. मला त्याचं वाईट वाटत नसे. खरंच नसे. कविता सगळ्यांच्या कानावर पडली, एवढ्यावर मी खूश.

घरात शांत असतं. ल्युबिंकाबद्दल पुढे लिहितो.

आधी एक बातमी, हसू नकोस. मी विद्यापीठात जातो. विषय : उद्योजकता आणि लघुउद्योग विकास. अर्ज भरायला गेलो तर खिडकीतली बाई म्हणाली, "नातवाचं नाव सांगा, आजोबा." म्हटलं, "नातू कशाला? अजून माझंच शिक्षण अर्धवट आहे."

पोरं गोड आहेत. ओग्न्येन नावाचा एक लांबोडा माझ्याच गटात आहे. परवा माझी वही बघून कपाळाला हात लावून म्हणतो, "काका, आपला ग्राहक कोण ते लिहायचं होतं. तुम्ही शरदातल्या भाजक्या मिरच्यांच्या वासावर चार ओळी लिहिल्यात!"

"वाचून तोंडाला पाणी सुटलं का?"

"सुटलं."

"मग तूच ग्राहक. लिही खाली."

तर अशा वर्गात वसंतात एके सकाळी प्राध्यापिका यास्ना म्हणाल्या, आज आपल्याच गावातली एक यशोगाथा बघू. पडद्यावर तू आलास. केस काळे केलेस का रे? बाई सांगत होत्या : या माणसानं एकट्यानं, आजीच्या अंगणात, येव्रोसिमा आजीच्या हातची कृती घेऊन भाजलेल्या मिरच्यांची चटणी, आपलं आयवार, करायला सुरुवात केली. आज ती बरणी अर्ध्या युरोपात जाते. पोरं लिहून घेत होती.

स्वेतोलिक, तुझी आजी मला चांगली आठवते. तिचं नाव येव्रोसिमा नव्हतं आणि तिच्या हातचं तूसुद्धा खात नसायचास. जेवायला आमच्याकडे पळून यायचास.

मग फोटो आला. अंगण माझं. पत्र्याची चूल माझी. भाजलेल्या लाल मिरच्यांची साल काढणारे दोन हात, मनगटापाशी कापलेले. उजव्या अंगठ्यावर भाजल्याचा चंद्रकोरीसारखा डाग. खाली लिहिलेलं : "आजीचे हात."

मी उठून बाहेर गेलो. आंजेलिया मागोमाग आली. आमच्या गटातली तिसरी, बोलायला फटकळ. "काका, बरं वाटत नाही का?"

"ते हात माझ्या बायकोचे आहेत," मी म्हटलं.

मग सगळं सांगितलं. देशावर आंतरराष्ट्रीय निर्बंध होते त्या वर्षांत आपली कापडगिरणी बंद पडली, खायचे वांधे झाले. ल्युबिंका भाजायची, मी ढवळायचो, तू विकायचास. तू म्हणालास, "कूमा, नोंदणी माझ्या नावावर करतो. तुला कचेऱ्यांचा कंटाळा." मी म्हटलं, कर. वर्षभरात तुझी शेड उभी राहिली आणि तिच्या फाटकावरच्या माणसाला आमची नावं माहीत नव्हती.

"आणि करारच केला नव्हता?" आंजेलिया ओरडलीच. "काका, हे पहिल्या धड्यात आहे!"

कसं समजावू पोरीला? लग्नात आमच्या डोक्यांवर मुकुट चढले तेव्हा मागे मेणबत्ती धरून जो उभा होता, जो देवासमोर भावाहून जवळचा झाला, त्या कूमाकडे कागद मागायचा? त्यापेक्षा त्याच्या तोंडावर थुंकणं बरं.

ल्युबिंका कधी चिडली नाही. "कूम आहे तो, राहू दे," एवढंच म्हणायची. दुकानात तुझी बरणी दिसली की चेहरा पुसावा तशी बाहीनं पुसून जागेवर ठेवायची.

ती गेली तेव्हा तू आला नाहीस. पुष्पचक्र आलं. मोठं होतं. रेशमी फितीवर तुझ्या कंपनीचं चिन्ह : डोक्याला रुमाल बांधलेली, हसरी येव्रोसिमा आजी. माझ्या बायकोच्या मातीवर! तुझ्या कचेरीतल्या कुणी न विचारता पाठवलं असेल. असेल. मी ते काढलं नाही. रोज जाऊन बघत बसायचो, राग शिळा होऊ नये म्हणून. फुलं कुजली, आजी हसतच राहिली. त्यानंतर मी विद्यापीठात नाव घातलं. तुझी भाषा मला शिकायची होती.

या सप्टेंबरात आमच्या गटानं माझ्या अंगणात आयवार केलं. बरणीवर नाव आहे "ल्युबिंका". फोटो तोच, पण अख्खा. तो मीच काढला होता. धुरानं डोळे बारीक करून ती माझ्याकडे बघून हसतेय. चेहऱ्यासकट हात.

आता परीक्षा. बाईंनी सांगितलंय, आपल्या मालाची गोष्ट वर्गात नको, खाणाऱ्या लोकांपुढे उभं राहून सांगायची. जागा आम्ही निवडायची. मी निवडली. सोळा तारखेला तुझ्या घराण्याच्या संताचा दिवस, तुझी स्लावा. स्लावेला कुणी कुणाला बोलावत नाही, म्हणून कुणाला परतवताही येत नाही. बँकेचे साहेब असतील, नगराध्यक्ष असतील, पाद्रीबुवा असतील. आम्ही सगळा वर्ग येतोय, बाईंसह. तू आम्हाला उकडलेला गोड गहू देशील, स्वतःच्या हातानं पेल्यांत रकिया ओतशील. मग आंजेलिया उठेल.

मी गप्प बसेन. शेवटच्या दिवसांत ल्युबिंकानं माझ्याकडून वचन घेतलं, "कूमाच्या तोंडावर काही बोलू नकोस." नाही बोलणार. लिहू नकोस असं ती म्हणाली नव्हती. पोरांना शिकवू नकोस असंही नाही.

आधीच का कळवतोय? म्हणजे हा आठवडा तुला झोप लागू नये. स्लावा तुला रद्द करता येणार नाही. गाव कारण विचारेल. फोन करू नकोस. माफी तर मुळीच मागू नकोस. तू पाय धरलेस तर माझा अख्खा शरद वाया जाईल.

टेबलावर बरण्यांना जागा ठेव. आणि पोरगी बोलत असताना खुर्ची शोधू नकोस. त्या दिवशी यजमान बसत नाही. उभं राहून ऐक, ल्युबिंकाचं नाव ऐकू येईपर्यंत.

ल्युबिंकाचा नवरा,
वितोमीर