तात्यांनी मागितलेलं बियाणं

पाली, मंगळवार, २३ मे १९४४

तात्यांना जाऊन आज सहावा दिवस. त्यांनी मागितलेलं भाताचं सरकारी बियाणं, अर्ध्या किमतीचं, आजच वेल्ह्याला मिळणार होतं. म्हणून गेलो. माझं मुंडण पाहून माणसं बाजूला सरली. सही केली. पोत्याला हात लावणार, तोच शेजारचे धोंडूकाका ओरडले, "लेका, सुतकातला हात लागल्यावर उगवंल व्हय ते?" पोतं त्यांनीच खांद्यावर घेतलं.

खरंच उगवणार नाही? मला पटत नाही. तरी हात लावला नाही.

घरी काका आईला म्हणाले, "वैनी, लांबच ऱ्हावा."

आईनं पोत्याचं तोंड सोडलं आणि कोपरापर्यंत हात घातला. "दाणा भरलेला हाय," म्हणाली. "उद्या पेरू. रोपाची जागा त्यांनी जायच्या आधीच पाला जाळून भाजून ठेवलीया."

मग मीही हात घातला.