सुटली आणि सुटला

जुन्नर, १६ नोव्हेंबर २०२४

ती. दादास मोहिनीचा नमस्कार.

तुरुंगातून व्यसनमुक्ती केंद्रात आल्यापासून वजन वाढलं म्हणतोस, म्हणजे तिथली आमटी पचलेली दिसते. आई बरी आहे. तुझ्या नावानं बोटं मोडणं जरा कमी झालंय.

माझं कामही चालू आहे. केंद्रातून घरी गेलेल्यांना फोन करायचा, दारू सुटली का विचारायचं आणि फॉर्मवर खूण करायची. कार्यक्रम यशस्वी झाला की नाही, ते त्यावरून ठरतं.

तुझ्या खोलीतल्या गोकुळची दारू सुटली, असं मी तुला कळवलं होतं. ते पत्र तू सगळ्यांना वाचून दाखवलंस आणि पळून यायचा बेत सोडलास. म्हणूनच हे लिहायला हात चालत नव्हता.

काल अहवालासाठी त्याचा फोटो काढायला तळेघरला गेले. एसटी चुकली, बरंच चालले. त्याची आई सखूबाई खळ्यावर भात झोडत होती. गोकुळ कुठंय, विचारलं. तिनं हातातली पेंढी खाली ठेवली.

"बाई, फोनवर सांगितलं व्हतं की तुमाला. सुटला म्हून."

दादा, मी विचारलं होतं, "सुटली का?" ती म्हणाली होती, "सुटला माझा गोकुळ एकदाचा." 'ली' आणि 'ला' यांतला फरक मला ऐकू आला नाही. वर मी "बरं झालं" म्हणाले. मेलेल्या पोराच्या आईला मी बरं झालं म्हणाले.

"येकलाच आला एसटीनं," ती सांगत होती. "घोडेगावच्या स्टँडवर जुनं दोस्त भेटलं. घरी पोचलाच न्हाई. दुसऱ्या दिशी वढ्यात घावला." मग म्हणाली, "तुमी तरी इचारपूस केली. बाकी कोन न्हाई."

साहेब म्हणतात, अहवालातले आकडे छापायला गेलेत, फक्त फोटो राहिलेत, राहू दे. मी फॉर्मवरची खूण खोडली, 'मृत' लिहिलं आणि त्यांच्यासमोरच रडले.

आता तुझ्याशी खरं बोलते. २९ तारखेला केंद्रातून सोडणार आहेत, न्यायला ये, असं तू लिहिलंस, तेव्हा मी रजा नाही म्हणून टाळलं. गोकुळ गेलाच की एकटा, असंही वर सुनावलं. रजा होती. गेटवर कुणी ओळखीचं भेटेल, याची लाज वाटत होती.

हे वाचून तुला प्यावंसं वाटेल. मला हव्या तितक्या शिव्या दे, पण पिऊ नकोस. २९ला मी येते. कितीही उशीर झाला तरी मी दिसेपर्यंत गेटबाहेर पाऊल टाकू नकोस.

तुला न्यायला येणारी,
मोहिनी